विहीर, बोअर की पाया: बेळगाव सीमाभागात खणण्याआधी जमिनीचे थर कसे ओळखावेत

निपाणीकडे विहिरीला पाणी लागतं त्या थराचं खानापूरच्या जंगलपट्ट्यात नावही नसतं, आणि खानापूरचा अनुभव घेऊन सौंदत्तीला बोअर मारला तर पैसे मातीत जातात. बेळगाव जिल्ह्यात गाडीने तासाभराच्या अंतरात चार वेगवेगळ्या जमिनी लागतात. म्हणून शेजारच्या तालुक्यातल्या पाहुण्याचा सल्ला ऐकण्याआधी आपल्या पायाखाली यातली कोणती जमीन आहे ते पाहावं. त्यासाठी एक दिवस, एक पहार आणि एक वही पुरते.

कुठे काय आहे

उत्तरेला निपाणी, चिकोडी, संकेश्वर, रायबाग, अथणी हा सगळा काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा पट्टा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेल्या लाव्ह्याचे हे थर आहेत. महाराष्ट्रभर पसरलेला हा खडक बेळगावच्या आसपास दक्षिणेकडे संपत येतो. त्यामुळे इथे तो पातळ आहे आणि कुठे कुठे त्याच्या खालचा जुना खडक वर डोकावतो. बोअरवाल्याला मधेच वेगळाच दगड लागल्याच्या गोष्टी या भागात ऐकू येतात, त्याचं कारण हेच.

पश्चिमेला जांबोटी, कणकुंबी आणि खानापूरच्या डोंगरपठारांवर जांभा आहे. बेळगाव शहराचा बराच भागही जांभ्याच्या टोपीवर बसलाय. पूर्वेला गोकाक, रामदुर्ग, सौंदत्ती इथे वाळूचा दगड, गारेचा दगड, चुनखडक आणि पाटीचा दगड अशी जुन्या गाळाची मालिका आहे. बागलकोट जिल्ह्यातल्या कलादगी गावावरून तिला कलादगी म्हणतात. गोकाकचा ५२ मीटरचा धबधबा, गोडचिनमलकीचा धबधबा, मलप्रभेवरच्या नवीलतीर्थ धरणाची घळ आणि सौंदत्तीचा यल्लमाचा डोंगर हे सगळं याच टणक दगडाचं. आग्नेयेला बैलहोंगल, कित्तूरकडे त्याहून जुने, २५० कोटी वर्षांपलीकडचे पट्टेरी आणि पापुद्र्यांचे खडक आहेत. या चौघांवर नदीकाठी गाळ आणि सखल भागात काळी माती पसरलेली आहे.

पाऊसही तसाच विषम. कणकुंबीच्या बाजूला काही हजार मिलीमीटर पडतो, अथणी-रामदुर्गला वर्षाला पाचशे-सहाशे. तोच खडक असला तरी दोन्हीकडे त्याच्यातलं पाणी सारखं असणार नाही.

आधी नकाशा, मग चप्पल

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या भूकोश संकेतस्थळावर १:५०,००० प्रमाणाचे भूशास्त्रीय नकाशे मोफत पाहता येतात. सर्वे ऑफ इंडियाच्या शीट क्रमांकात बेळगाव शहर ४८ आय/५ आणि ४८ आय/९ यांच्या सीमेवर येतं, खानापूर ४८ आय/१० मध्ये, तर निपाणी-चिकोडीकडचा भाग ४७ एल मध्ये. या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर ५०० मीटर. दोन एकराचं शेत त्यावर जेमतेम दोन मिलिमीटरचा ठिपका होतो. आपण चारांपैकी कोणत्या जमिनीवर आहोत आणि दोन खडकांची सीमा जवळून जाते का, इतकंच नकाशा सांगेल. बोअर कुठे मारायचा हे तो सांगणार नाही.

मग उपग्रह चित्रात आपलं शिवार उघडा. सरळ रेषेत जाणारा नाला, ओळीने उभी असलेली मोठी झाडं, उन्हाळ्यातही हिरवा राहणारा पट्टा दिसला तर त्याची खूण करून ठेवा. निसर्ग उगाच सरळ रेषा काढत नाही. अशा ठिकाणी बहुतेक वेळा खाली भेग असते.

एक दिवसाची पाहणी

लागणारं सामान असं: पहार, हातोडा, पोलादी चाकू, काचेचा तुकडा, टेप, प्लास्टिकच्या पिशव्या, मार्कर, आणि प्लास्टिकच्या ड्रॉपरच्या बाटलीत पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड. दुकानातलं ॲसिड तीव्र असतं. तीन भाग पाण्यात एक भाग ॲसिड हळूहळू ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच ओतायचं नाही. हातमोजे आणि चष्मा घाला. बॅटरीचं ॲसिड या कामाला चालत नाही.

स्वतःच्या शेतात पहार मारण्याआधी गावातल्या चार उघड्या जागा बघा: रस्त्यासाठी कापलेला डोंगर, नाल्याचा काठ, दगडाची खाण, आणि सगळ्यात मोलाची म्हणजे जुनी विहीर. विहिरीच्या भिंतीवर त्या गावाच्या जमिनीचा उभा छेद आयता मिळतो. मे महिन्यात पाणी खाली गेलेलं असताना जा. काठावरून टेप सोडून माती किती फुटांपर्यंत, मुरूम किती, कातळ कुठे सुरू होतो आणि झरा कोणत्या थरातून येतो ते लिहून घ्या. मालकाला तीन प्रश्न विचारा. पाणी कोणत्या महिन्यात तळाला जातं, उपसल्यावर किती तासांत भरतं, आणि भिंत कधी ढासळली होती का. अशा चार-पाच विहिरींच्या नोंदी हातात आल्या की आपल्या जमिनीचं निम्मं गणित सुटतं.

दगड हातात घेतला की चार गोष्टी करायच्या. ताजा तुकडा फोडून आतला रंग बघायचा, कारण बाहेरचा रंग फसवतो. चाकूने ओरखडायचं. दगडाच्या कोपऱ्याने काच ओरखडून बघायची. शेवटी ॲसिडचा थेंब टाकायचा. काच सहज कापली आणि ॲसिडला काहीच झालं नाही तर गारेचा दगड. चाकूने ओरखडला आणि थेंब टाकताच फसफसला तर चुनखडक. दगडावर शांत पण भुकटीवर हळू फसफसला तर मॅग्नेशियम असलेला चुनखडक. काळा, जड, बारीक कणांचा आणि हातोड्याला घणघणणारा असेल तर पाषाण. काळ्या पाषाणाच्या भोकातला पांढरा खडाही कधी कधी फसफसतो. तो भोकात भरलेला कॅल्साइट असतो, चुनखडक नव्हे. ही चूक फार होते.

काळा पाषाण: पाणी सांध्यात असतं

लाव्ह्याचा प्रत्येक थर तळाशी घट्ट, मधे भेगाळलेला आणि वर भोकाभोकांचा असतो. ही भोकं पुढे पांढऱ्या-हिरव्या खनिजांनी भरली की त्या खडकाला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मधे विटेसारखा लाल मातकट पट्टा येतो, तो गेरू. कुठे बोटभर, कुठे माणूसभर जाड. गेरू दिसला की "पाणी लागलं" असा समज आहे, तो अर्धाच खरा. गेरू स्वतः चिकण असल्यामुळे पाणी फारसं सोडत नाही. तो पाणी अडवतो, आणि त्याच्या वर भेगाळलेला खडक असेल तर पाणी त्या सांध्यातून येतं. घट्ट पाषाणाखाली गेरू लागला तर फक्त चिखल मिळतो.

म्हणून या पट्ट्यात रुंद विहीर बहुधा खोल बोअरपेक्षा शहाणपणाची. वरचा मुरूम, त्याखालचा भेगाळ खडक आणि पहिला सांधा या तिन्हींतून पाणी विहिरीत झिरपतं आणि साठतंही. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे सुमारे २८,००० लिटर. बोअरमध्ये साठा जवळजवळ नसतोच.

विहिरीचा घात गेरूच करतो. भिजला की तो लोण्यासारखा सुटतो, वरचा पाषाण अधांतरी राहतो आणि एखाद्या पावसाळ्यात धोंड आत येते. पूर्ण विहीर बांधून काढायची गरज नाही. गेरूचा पट्टा आणि त्याच्या वर-खाली फूट-दीड फूट एवढंच दगडात किंवा काँक्रीटमध्ये बांधा. त्यात दर मीटरला दोन-तीन इंची पाइप आडवे ठेवा म्हणजे मागचं पाणी बाहेर येईल. पाइप न ठेवता बांधलेली भिंत मागच्या पाण्याच्या दाबाने फुगते आणि फुटते.

घर बांधणाऱ्यांना पाषाणाचा वेगळा धोका आहे. हा खडक कांद्याच्या पापुद्र्यांसारखा कुजतो आणि मधे गोल टोळ, म्हणजे न कुजलेले धोंडे, शिल्लक राहतात. चार फुटांवर पहार ठणठणली की मिस्त्री म्हणतो कातळ लागला, आणि फुटिंग, म्हणजे पायाचा तळाचा रुंद भाग, त्या टोळावर बसतं. पुढे टोळ सरकतो आणि भिंतीला तिरकी चीर जाते. पहार वाजली की तिथेच थांबू नका. त्या बिंदूच्या चारही बाजूंना दोन-दोन फुटांवर पहार मारा. एकीकडे वाजली आणि दुसरीकडे खचली तर तो टोळ आहे. तो काढा किंवा त्याच्या खाली जा.

जांभा: वर टणक, आत पोकळ, खाली साबण

जास्त पावसात खडकातली सिलिका धुऊन गेली की लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहतं, त्याचा जांभा होतो. ॲल्युमिनियम भरपूर असलेला जांभा म्हणजेच बॉक्साइट. खाणीतून काढताना चिरा ओला आणि मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. म्हणून ताजे चिरे लगेच भिंतीत लावू नयेत. काही आठवडे उघड्यावर ठेवावेत आणि ठिसूळ निघालेले वेगळे काढावेत.

जांभ्याची टोपी बहुधा काही मीटरचीच असते. तिच्या खाली पांढरी-गुलाबी, बोटांना साबणासारखी लागणारी माती असते, कोकणात तिला शेडी म्हणतात. जांभा चाळणीसारखा असल्याने पावसाचं पाणी सरळ खाली जातं आणि या मातीवर अडतं. पठाराच्या कडेला, जांभा संपून माती उघडी पडते तिथे झरे फुटतात. जुन्या लोकांनी देवराया आणि पाणवठे तिथेच का ठेवले ते अशा ठिकाणी उभं राहिलं की कळतं. हाच झरा वाढवून, दगडी कुंड बांधून, नळाने उतारावर पाणी नेणं हा खानापूर पट्ट्यातला सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ उपाय आहे. त्या झऱ्याच्या वरच्या अंगाला जांभ्याची खाण निघाली तर झरा आटतो, हे ग्रामपंचायतीने आधीच लक्षात घ्यावं.

जांभ्यातली विहीर जुलैत तुडुंब असते आणि मार्चमध्ये तळ दाखवते. तळ दिसला की लोक अजून खोल जातात आणि शेडीत शिरतात. तिथे पाणी वाढत नाही, भिंत मात्र घसरते. शेडी लागली की दोनच मार्ग. तिथेच थांबून विहीर रुंद करा, किंवा सिमेंटच्या रिंगा उतरवत शेडी पूर्ण पार करून खालच्या कुजक्या खडकापर्यंत जा. मधेच थांबलेली विहीर सगळ्यात वाईट.

पायासाठी जांभा चांगला, पण टोपीची जाडी किमान एक मीटर आहे आणि आत पोकळी नाही हे तपासा. प्रत्येक फुटिंगच्या जागी ड्रिलने मीटर-दीड मीटर भोक पाडा. ड्रिल एकदम खाली गेला तर पोकळी आहे. ती साफ करून काँक्रीटने भरा.

खानापूरचं नाव कौलं, विटा आणि कुंभारकामासाठी आहे, त्यामागे इथली चिकण मातीच आहे. कौलाला उत्तम असलेली माती पायाला वाईट.

कलादगीचे दगड: लागलं तर भरपूर, नाही तर धूळ

गारेच्या दगडाला छिद्रं जवळजवळ नसतात. पाणी फक्त भेगेत. एकमेकांपासून पन्नास फुटांवरच्या दोन बोअरपैकी एकाला भरपूर पाणी आणि दुसऱ्यातून कोरडी धूळ, हे गोकाक-सौंदत्तीकडे नवलाचं नाही. त्यामुळे इथे उपग्रह चित्रातल्या सरळ रेषांचं महत्त्व सगळ्यात जास्त. दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात ती जागा पहिली पसंती. डोंगराच्या पायथ्याशी जमलेल्या दगडगोट्यांच्या भरावातही उथळ विहिरीला बरं पाणी मिळतं. गार ड्रिलचं बिट लवकर झिजवते, त्यामुळे कंत्राटदाराशी दर ठरवताना बिटचा खर्च कोणाचा हे आधी लिहून घ्या.

चुनखडकात, उदाहरणार्थ यादवाडच्या बाजूला, पाण्याने विरघळून पोकळ्या होतात. पाणी चांगलं लागतं, पण जड असतं आणि पंपाच्या पाइपवर पांढरा थर चढतो. पाटीच्या दगडात फार अपेक्षा ठेवू नका.

बैलहोंगल-कित्तूरचे जुने खडक

पट्टेरी खडक वरून कुजून वाळूसारखा मुरूम होतो आणि त्यात पाणी साठतं. पापुद्र्यांचा हिरवट खडक कुजून चिकण होतो आणि पाणी कमी देतो. कुजक्या थराची जाडी जागोजागी बदलते, म्हणून विजेच्या रोधाची चाचणी करणाऱ्या भूजलतज्ज्ञावर खर्च करायचा असेल तर तो इथे सार्थकी लागतो. कुजका थर आणि घट्ट खडक यांतला फरक यंत्राला इथे स्पष्ट कळतो. नारळ किंवा काठी फिरवून जागा दाखवणाऱ्यांची पद्धत मात्र खडकाशी कुठेही जोडलेली नाही. तो पैसा केसिंगला, म्हणजे बोअरमध्ये घालायच्या पाइपला, ठेवा.

काळी माती: हिचाच पाया फसतो

येळ्ळूर-शहापूर-वडगाव शिवारातल्या ज्या काळ्या जमिनीत बेळगावचा बासमती पिकला, त्याच जमिनीवर आता घरं उठताहेत. ही माती पाण्याने फुगते, उन्हात आकसते, मे महिन्यात तिच्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराच्या भिंतींना दर उन्हाळ्यात त्याच ठिकाणी चीर पडत असेल तर दोष सिमेंटचा नव्हे, या मातीचा.

चाचणीचा खड्डा असा घ्या. मीटर रुंद, दीड मीटर लांब, मुरूम लागेपर्यंत खोल. दीड मीटरच्या खाली माणूस उतरणार असेल तर बाजूंना फळ्या आणि आधार लावा, काळी माती न सांगता ढासळते. थर बदलला की टेप लावून फोटो आणि अर्धा किलोचा नमुना घ्या. पिशवीवर तारीख, सर्व्हे नंबर आणि खोली लिहा.

घरी एक चाचणी होते. पारदर्शक बाटली तिसरा हिस्सा मातीने भरा, वर पाणी आणि चिमूटभर कपड्यांची पावडर टाका, जोरात हलवून ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात बसते, पोयटा दोनेक तासांत, चिकण माती दिवसभरात किंवा त्याहून उशिरा. थरांची उंची मोजली की कोण किती ते कळतं.

फुगवट्यासाठी प्रयोगशाळेत मुक्त फुगवटा चाचणी करून घ्या. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली, भट्टीत सुकवलेली माती दहा-दहा ग्रॅम, १०० मिलिलिटरच्या दोन नळ्यांत, एकीत डिस्टिल्ड पाणी आणि दुसरीत केरोसीन. २४ तासांनी दोन्हींतलं आकारमान मोजतात. केरोसीनमध्ये १० आणि पाण्यात १८ मिलिलिटर भरलं तर फुगवटा ८० टक्के. ५० च्या आत असेल तर साधी काळजी पुरते. ५० च्या वर गेला तर पाया मुरमापर्यंत न्या. शंभराच्या वर असेल आणि मुरूम फार खोल असेल तर तळाशी फुगीर असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, लागतात. ते इंजिनिअरच्या आराखड्याशिवाय करू नयेत.

पाया मुरमावर गेला तरी जोत्यात खोदलेली काळी माती परत भरू नका, मुरूम भरून थराथराने कुटा. घराभोवती मीटरभर रुंदीचा उताराचा फरशीपट्टा करा. शोषखड्डा काळ्या मातीत चालत नाही, तोही मुरमापर्यंत न्यावा लागतो. कृष्णा-दूधगंगेकाठी अथणी, रायबाग, चिकोडीत खोल काळ्या जमिनीला पाणी जास्त झालं की खालचा क्षार वर येतो आणि पांढरी पुटी दिसते. तिथे विहिरीआधी चर काढून पाण्याला वाट द्यावी लागते.

बोअर चालू असताना

गाडी सुरू झाली की वही घेऊन शेजारी बसा. प्रत्येक रॉडला किती मिनिटं लागली, भुकटीचा रंग काय, ओली की कोरडी, पाणी किती फुटांवर लागलं, हे लिहा. रॉडची वेळ एकदम कमी झाली म्हणजे भेग किंवा मऊ थर. दर दहा फुटांची मूठभर भुकटी ओळीने ठेवून फोटो काढा.

केसिंग सुट्या थरातून जाऊन घट्ट खडकात किमान दीड-दोन फूट रुतलं पाहिजे. पैसे वाचवायला ते वरच सोडलं की माती आत येते आणि वर्षभरात पंप गाळात अडकतो. पाषाणाच्या पट्ट्यात खोलवर गेरू लागला असेल तर तेवढ्या भागालाही पाइप घाला.

पाणी लागल्यावर हवेने किमान अर्धा तास, स्वच्छ पाणी येईपर्यंत धुऊन घ्या. पंप बसवल्यावर २०० लिटरचा बॅरल भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. शंभर सेकंद लागले तर ताशी ७,२०० लिटर. ही मोजणी तासभर सलग उपसल्यानंतर करायची. पहिल्या पाच मिनिटांचं पाणी बोअरमध्ये साठलेलं असतं, त्यावर पंपाचा अश्वशक्तीचा हिशेब करणारा पुढे पंप जाळतो.

नव्या बोअरला परवानगी लागते का ते कामाआधी ग्रामपंचायतीत आणि भूजल कार्यालयात विचारा. कर्नाटकात २०११ चा भूजल नियमन कायदा आहे आणि अधिसूचित भागात परवानगी सक्तीची आहे. मुरूम किंवा जांभा विकायला काढणार असाल तर खाण व भूविज्ञान खात्याची परवानगी वेगळी. बोअर कोरडा गेला तर गाडी हलण्याआधीच तो तळापासून माती-मुरमाने भरून घ्या आणि तोंडावर काँक्रीटचं जाड झाकण बसवा. पोतं किंवा दगड ठेवून काम भागत नाही, लहान मुलं अशाच भोकांत पडली आहेत. कोरड्या बोअरची नोंदवहीही फेकू नका. पुढच्या वेळी कुठे खणायचं नाही हे तीच सांगते, तुम्हालाही आणि शेजाऱ्यालाही.